पाडव्याला काय हवंय, हे न मागता जोडीदाराच्या कानावर कसं घालावं

दिवाळी पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो ताटात ओवाळणी घालतो. पूर्वी ताटात पाकीट पडायचं, नाहीतर साडी. आता मुंबईतल्या बऱ्याच घरांत दोघंही कमावतात, ज्याला जे हवं ते तो आपलं आपण घेऊ शकतो, आणि बायकाही नवऱ्याला पाडव्याची भेट देतात. तरीही ताटात काय पडणार याची उत्सुकता कमी झालेली नाही, कारण वस्तूपेक्षा जास्त हवं असतं ते आपल्यासाठी कुणीतरी विचार करून निवडलेलं असणं. थेट मागितलं तर ती मजा जाते. काहीच बोललो नाही तर नको असलेला परफ्यूमचा सेट हातात येतो आणि ओवाळताना चेहरा सांभाळावा लागतो. या दोन्हींच्या मधे हिंटची जागा आहे.

माझं ठाम मत आधीच सांगते. हिंट ही समोरच्याची परीक्षा नसते, ती त्याला केलेली मदत असते. “माझ्यावर प्रेम असेल तर ओळखेलच” हे मनात धरून दिलेली हिंट फसते आणि वर भांडणाचं कारण ठरते. मुद्दाम अवघड कोडं घालण्यात काही अर्थ नाही. जोडीदाराला ती सहज पकडता यावी, पकडल्यावर “मला सुचलं” असं वाटावं, आणि निवडायला त्याला थोडी जागा उरावी. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी स्वतःशी नक्की करा

“काहीतरी छान” ही हिंट होत नाही. आपल्यालाच नक्की ठाऊक नसेल तर समोरच्याने तरी काय ओळखायचं? एका संध्याकाळी निवांत बसून तीन गोष्टी ठरवा: एक लहान, एक मधली, एक मोठी. लहान म्हणजे फार विचार न करता घेता येईल अशी. मोठी म्हणजे बोनस झाला, हात मोकळा असला तरच घ्यावी अशी. तीन ठेवण्याचं कारण साधं आहे. एकच वस्तू मनात धरली की ती न मिळाल्याची खंत राहते. शिवाय तीनपैकी कुठली घ्यायची हे जोडीदाराने ठरवलं, तर ती निवड खरोखर त्याची असते.

प्रत्येक वस्तूबाबत नेमका तपशील मनाशी धरा. “साडी” नव्हे, “बॉटल ग्रीन इरकल”. “कानातलं” नव्हे, “रोज ऑफिसला घालता येतील अशा मोत्याच्या कुड्या”. “हेडफोन” नव्हे, “लोकलच्या गर्दीत कानातून पडणार नाहीत असे”. तपशिलाच्या मागे कारण असलं की हिंट लक्षात राहते. रंग माणूस विसरतो, पण “तुझे जुने गाडीत पडले होते ना” हे विसरत नाही.

जोडीदार ऐकतो कशाने

ही पायरी लोक गाळतात आणि म्हणून फसतात. काही माणसं कानाने लक्षात ठेवतात, काही डोळ्यांनी, आणि काही फक्त तेव्हाच जेव्हा एखादी अडचण सोडवायची असते. तिसऱ्या प्रकारचे नवरे मुंबईत भरपूर आहेत. त्यांना “ही पर्स किती सुंदर आहे” सांगून उपयोग नाही. “या पर्सची चेन अडकते, पास काढेपर्यंत मागच्या बायका ओरडतात” म्हटलं की त्यांचं डोकं लगेच कामाला लागतं.

आपला माणूस कुठल्या प्रकारचा हे मागच्या वर्षभरात त्याने स्वतःहून काय आणलं यावरून कळतं. येताना माटुंग्याहून गजरा आणत असेल तर तो डोळ्यांचा. “तू त्या दिवशी म्हणाली होतीस” असं म्हणून काही आणलं असेल तर कानांचा. गळका नळ दुरुस्त करण्यात ज्याला प्रेम दाखवल्यासारखं वाटतं, तो अडचणींचा. त्याप्रमाणे बोला, दाखवा किंवा तक्रार करा. तक्रार वस्तूबद्दल असावी, माणसाबद्दल नाही, एवढं सांभाळायचं.

वेळ दिवसाचीही बघावी लागते. विरारहून किंवा कल्याणहून उभ्याने प्रवास करून घरी आलेल्या माणसाला दारातच साडीचा रंग सांगू नये. रविवारी सकाळी चहा-पोहे झाल्यावर, किंवा रात्री जेवून दोघंच सोसायटीच्या आवारात शतपावली घालताना, तेव्हा सांगितलेलं डोक्यात राहतं. क्रिकेटची मॅच चालू असताना मिळालेल्या “हो, हो” वर विसंबू नका.

कॅलेंडर समोर ठेवा

बहुतेक हिंटा उशिरा दिल्या जातात. दसऱ्यापासून पाडवा साधारण तीन आठवड्यांवर असतो, आणि त्या तीन आठवड्यांत घरात साफसफाई, फराळ, मुलांचे कपडे, कंदील, रेल्वेचं रिझर्वेशन असं सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा दिलेली हिंट कामाच्या यादीत जाऊन पडते.

पहिली हिंट गणपतीत द्यावी. घर भरलेलं असतं, सगळे नटलेले असतात, दागिने-साड्यांच्या गोष्टी आपोआप निघतात. आरतीनंतर एखादीच्या ठुशीकडे बघून “अशी बारीक मण्यांची मला नेहमीच आवडते” एवढंच म्हणावं आणि विषय सोडून द्यावा. त्यानंतर पितृपक्ष येतो. बरीच मंडळी त्या पंधरवड्यात नवी खरेदी टाळतात, आणि नेमकी म्हणूनच तेव्हा बोलायला मोकळीक असते. कुणाला लगेच दुकानात जायचं नसतं, ऑफरची घाई नसते, वस्तूबद्दल शांतपणे बोलता येतं. दुसरी हिंट तेव्हा. नवरात्रात ऑनलाइन सेल सुरू होतात, तेव्हा तिसरी आणि सगळ्यात स्पष्ट हिंट. कोजागिरीनंतर नवीन काही सुचवू नये, आधीचीच आठवण द्यायची असेल तर द्यावी.

काही वस्तूंना याहून आधी तयारी लागते. साडी पाडव्यालाच नेसायची असेल तर फॉल-पिको आणि ब्लाऊज धरून हिशोब करा. चांगले शिंपी दिवाळीच्या बरेच दिवस आधी नवीन ब्लाऊज घेणं बंद करतात, त्यामुळे साडीची हिंट गणपतीतच गेली पाहिजे, नाहीतर साडी घडीतच राहते. सोन्याचं तर गणितच वेगळं. अनेक सराफांकडे महिन्याला ठरावीक रक्कम भरायची भिशीसारखी योजना असते. मोठा दागिना हवा असेल तर पाडव्याला नाही, आदल्या दिवाळीच्या मागेपुढेच “आपण दोघं मिळून भरूया का?” असं विचारावं. ही हिंट राहिली नाही, सरळ बोलणंच झालं, पण मोठ्या रकमेला तेच योग्य आहे.

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाच्या किंवा नाटकाच्या तिकिटांचंही तसंच. दादर, पार्ले, ठाण्यातल्या चांगल्या पहाट मैफिलींचे पास लवकर संपतात. रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान हवं ते वर येईल असं दुमडून चहाच्या कपाखाली ठेवलं तर डोळ्यांच्या माणसाला ते पुरतं. कानांच्या माणसाला नाटकाचं नाव आणि “शिवाजी मंदिरला लागलंय” हे दोन्ही सांगा. तिकीट ही मला स्वतःला फार आवडणारी भेट आहे. मुंबईतल्या घरांत नवी वस्तू ठेवायला जागा कुठे असते?

बाजारात चालता चालता

हिंट देण्यासाठी मुंबईसारखं शहर नाही, कारण इथे प्रत्येक वस्तूची गल्ली ठरलेली आहे. दादर पश्चिमेला रानडे रोड आणि छबिलदासची गल्ली, साड्यांना हिंदमाता, कापडाला मंगळदास मार्केट, सोन्याला झवेरी बाजार, दिव्यांना लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, कॅमेऱ्याला फोर्टातला बोरा बाजार, खेळाच्या सामानाला आणि वाद्यांना धोबी तलाव. दुसऱ्याच कामासाठी त्या भागात गेलात तरी पाच मिनिटं त्या गल्लीतून जाता येतं.

आता रानडे रोडवरचंच उदाहरण घ्या. दोघं तोरण आणि रांगोळी आणायला बाहेर पडलेले. काचेत चांदीचं नक्षीचं निरांजन दिसलं. थांबायचं, पण आत जायचं नाही. किंमत विचारायची नाही. काचेकडे बघून एकच वाक्य म्हणायचं: “हे बघ, वात सरळ राहील अशी खोल वाटी आहे. आपल्या निरांजनातलं तूप दरवेळी ताटात सांडतं.” आणि पुढे चालायला लागायचं. वस्तू दाखवली, ती का हवी हे कळलं आणि दुकानही लक्षात आलं, सगळं एका वाक्यात. आत गेलात, हातात घेतलीत, भाव केलात, तर समोरच्याला दोनच रस्ते उरतात: आत्ताच घेणं किंवा नाही म्हणणं. दोन्हींत पाडवा हातचा गेला.

चालताना दुकानाची खूण बोलण्यात पेरून द्यावी. “स्टेशनकडून येताना डाव्या हाताला, फुलवाल्याच्या समोर.” एकट्याने परत येणाऱ्या माणसाला हे फार उपयोगी पडतं. दिवाळीच्या गर्दीत रानडे रोडवर “तेच ते दुकान” शोधत फिरणं किती त्रासाचं असतं, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. आणि एका फेरीत एकच वस्तू. चार काचांपुढे चार वेळा थांबलात की चारही पुसल्या जातात.

माप, नंबर, रंग

वस्तू बरोबर आणि माप चुकीचं, हे वारंवार होतं. तेवढी माहिती जोडीदाराला सहज मिळेल अशी ठेवणं हे हिंट देणाऱ्याचं काम आहे.

बांगडीचं माप आतल्या व्यासावर असतं, इंच आणि इंचाचे सोळावे भाग. २-४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात सव्वादोन इंच. २-६ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश. २-८ म्हणजे अडीच इंच. म्हणून जुन्या बायका बांगडीवाल्याकडे “सव्वादोन” किंवा “अडीच” असंच मागतात. नवऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तो घरात असताना सासूबाईंशी बोलता बोलता “आई, तुमच्या बांगड्या मला होतात की. माझंही २-६च आहे” असं म्हटलं की त्याच्या कानावर आकडा पडतो. सासूबाईंच्याही पडतो, आणि त्या तो विसरत नाहीत.

अंगठीचा नंबर काढायची सोपी रीत अशी: बोटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून ४० वजा करा. घेर ५२ मिलिमीटर आला तर आपल्याकडचा नंबर साधारण १२. पण झोपलेल्या बायकोच्या बोटाला पट्टी गुंडाळायला कुणी जाऊ नये. त्यापेक्षा तुम्हीच, ज्या बोटात अंगठी हवी आहे त्या बोटात नीट बसणारी एखादी जुनी अंगठी, आरशापुढच्या वाटीत कायम ठेवत चला. “ही एवढीच एक मला बरोबर होते, बाकी सगळ्या सैल” हे एकदा बोलून ठेवलं की तो ती खिशात घालून सराफाकडे नेऊ शकतो. उजव्या आणि डाव्या हाताच्या त्याच बोटात फरक असतो, तेही सांगून टाका.

सोन्याबद्दल सुचवताना वजन सांगू नका, प्रकार सांगा. रोज घालायचं की सणाला, खडा हवा की साधं, पिवळं सोनं की पांढरं. खड्याच्या रोजच्या अंगठीला १८ कॅरेट बरं पडतं, कारण २२ कॅरेट मऊ असतं आणि खड्याची पकड ढिली होऊ शकते. १८ कॅरेटवर ७५० आणि २२ वर ९१६ असा छाप असतो. हे चहा पिताना सहज बोलून ठेवलं तर घेणाऱ्याची दुकानात फजिती होत नाही. घेणाऱ्याने एवढं बघावं: १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या (सोन्याच्या शुद्धतेची खूण असलेल्या) दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असलाच पाहिजे, आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून छोट्या टॉप्स किंवा चमकी घेताना पक्कं बिल जास्तच महत्त्वाचं.

पैठणी मनात असेल तर “पैठणी” एवढ्यावर थांबू नका. पदरावर मोर हवेत की मुनिया (पोपट), काठ नारळी की साधा, आणि मुख्य म्हणजे हातमागाची की यंत्रमागाची. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या साडीला मागच्या बाजूने सुटे धागे किंवा जाळी दिसते. लग्नात कुणाची पैठणी हातात घेऊन पदर उलटून दाखवा आणि “हे असं असेल तरच” म्हणा. यंत्रमागाची चालणार असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, नाहीतर बिचारा खिशाबाहेरच्या साडीचा विचार करत महिना काढेल.

फोनवरून

रील पाठवणं ही आजची सगळ्यात सोपी हिंट, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वाया जाणारी. दिवसाला दहा रील पाठवणाऱ्या माणसाचं अकरावं कुणी उघडत नाही. पाठवायचंच तर एक, आणि सोबत एक ओळ: “हा रंग बघ, माझ्याकडे एकही नाही.” बाकी सगळे विनोदाचे रील त्या दिवशी थांबवा.

ऑनलाइन दुकानांतली विशलिस्ट दोघांचं खातं एकच असेल तर फार उपयोगी आहे. आपल्या तिन्ही वस्तू माप आणि रंग निवडून त्यात टाकून ठेवा. नवरात्रात कधीतरी “डाळ-तांदूळ तूच मागव, मी कार्टमध्ये टाकलंय” म्हणून त्याला खातं उघडायला लावा. तो बघेल. त्यानंतर मात्र तुम्ही त्या खात्यात ऑर्डर बघायला जाऊ नका, हा तुमच्या बाजूचा शब्द आहे. घेणाऱ्यानेही थोडं सांभाळावं: ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते आधी बघावं, आणि पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवावं. बऱ्याच सोसायट्यांत गेटवर कुरिअरवाला आला की अ‍ॅपवर घरातल्या सगळ्यांना सूचना जाते, दुकानाच्या नावासकट.

मधलं माणूस

नणंद, दीर, मैत्रीण, नवऱ्याचा जवळचा मित्र, यांच्यापैकी एकालाच विश्वासात घ्या. नणंद सगळ्यात उत्तम, कारण पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊबीज असते आणि भावाशी तिचं भेटींबद्दल बोलणं होणारच असतं. “वहिनीला काय घेतोयस?” हा प्रश्न तिने विचारला की वावगं वाटत नाही. तिला तीन वस्तू आणि मापं सांगून ठेवा. बदल्यात तिला काय हवंय हे भावाच्या कानावर घालायचं काम तुम्ही करा.

मुलांना मधे घालू नये असं मला वाटतं. सहा-सात वर्षांचं मूल ते जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर बोलून टाकतं, आणि मोठ्या मुलाला आईबाबांच्या मधे निरोप्या केल्यासारखं होतं. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर महागड्या वस्तूचा विषय काढणंही टाळावं. सासऱ्यांच्या कानाला ती मागणी वाटते, आणि नवऱ्याला दोन्हीकडून उत्तर द्यावं लागतं.

खिसा

दिवाळीचा खर्च एकट्या पाडव्याचा नसतो. घरच्यांचे कपडे, फराळाचं सामान, कामवाल्या मावशींची आणि वॉचमनची दिवाळी, भाऊबीजेच्या ओवाळण्या, गावचं तिकीट. घराचा हप्ता चालू असेल तर तो तर आहेच. त्या वर्षी नोकरीत काही अस्थिर असेल, घरात आजारपण झालं असेल, तर मोठ्या वस्तूबद्दल बोलूच नका. लहानच वस्तूबद्दल बोला, आणि आनंदाने बोला. माणसाला आपली अडचण बायकोने न बोलता ओळखली हे कळतं.

ज्या हिंटमध्ये दुसऱ्या कुणाशी तुलना असते ती देऊ नये. “समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंना मिस्टरांनी डायमंड घेतला” यातून डायमंड हवा असल्याचं कळत नाही, आपण कमी पडतो एवढंच कळतं. तसंच मागच्या वर्षीच्या भेटीला नावं ठेवून या वर्षीचं सुचवू नये.

घरातली वस्तू म्हणजे भेट का?

मिक्सर, इस्त्री, कुकर, पाण्याचा फिल्टर. हा विषय खूप घरांत दुखरा आहे, आणि यात हिंट अजिबात चालत नाही. घरात मिक्सर बिघडलेला असताना तुम्ही त्याच्या आवाजाबद्दल रोज तक्रार केलीत, तर अडचण सोडवणारा नवरा पाडव्याला मिक्सरच आणणार. त्याच्या बाजूने ते अगदी प्रेमाने केलेलं असतं. म्हणून दसऱ्याच्या आधीच साफ सांगावं: “मिक्सर आपण दसऱ्याला घरखर्चातून घेऊया. पाडव्याचं वेगळं.” यात मागणं कुठेच नाही, फक्त रस्ता मोकळा केला. दसरा हाही मुहूर्तच आहे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही ते पटतं.

याउलट, स्वयंपाक ज्याची हौस आहे त्याला बिडाचा तवा किंवा चांगली सुरी ही मनापासूनची भेट असू शकते. तसं असेल तर “हे माझ्यासाठी हवंय, घरासाठी नाही” हा फरक ऐकू येईल असं बोला.

नवऱ्यांसाठी

“मला काही नको” हे वाक्य सोडून द्या. बायकोला ते ऐकून सुटल्यासारखं वाटत नाही, उलट अधिक अडचण होते. तिनेही भेट आणायची ठरवलेली असते आणि मग शर्टांवर शर्ट साठत जातात.

पुरुषांच्या हिंटेला दिवाळीनंतरचे महिने उत्तम कारण पुरवतात. थंडी पडली की सह्याद्रीत ट्रेक सुरू होतात आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. “या वर्षी सराव करायचाय, पण या बुटांचा तळ झिजलाय” म्हणून बूट उलटा करून दाखवा. नंबर सांगताना कंपनीसकट सांगा, कारण एका कंपनीचा ९ दुसऱ्या कंपनीत लहान पडतो. तबला, बासरी, कॅमेऱ्याची लेन्स अशी हौशीची वस्तू असेल तर मॉडेल किंवा सूर लिहूनच ठेवावा लागतो. बासरी ‘कुठलीतरी’ घेऊन चालत नाही, शिकवणाऱ्या गुरुजींनी कुठल्या सुराची सांगितलीय ते फ्रिजवरच्या वहीत क्लासच्या फीच्या नोंदीशेजारी लिहा. बायको ती वही रोज बघते.

पहिलीच दिवाळी असेल तर दोघांनीही जरा सबुरीने घ्या. दिवाळसणाला जावयाचा मान सासरकडून होतो, आहेर होतात, सगळं नवं असतं. त्या वर्षी एकमेकांची निवड कशी आहे हे बघण्यातच खरी गंमत आहे, हिंटा पुढच्या वर्षापासून सुरू करता येतील. लग्न झालेलं नाही, नुसते एकत्र फिरताय, तर दागिन्यांकडे बोट दाखवू नका. पुस्तक, तिकीट, कुलाबा कॉजवेवरचे झुमके याच टप्प्यात राहा.

सरळ कधी सांगायचं

वेगवेगळ्या वेळी दोनदा सुचवूनही चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तर तिसऱ्यांदा आडून सुचवू नका, सरळ सांगा. “मला या पाडव्याला मोत्याच्या कुड्या हव्यात. कुठल्या, ते तू ठरव.” दुसऱ्या वाक्यामुळे निवड त्याच्याकडेच राहते. काही माणसांना आडून बोललेलं खरंच कळत नाही, त्यात प्रेमाची कमतरता नसते. त्वचेला चालत नाही असा धातू, न चालणारा सुगंध, चामडं वापरायचं नाही असा निश्चय, या गोष्टी तर हिंटेवर कधीच सोडू नयेत. त्या एकदाच, स्पष्ट सांगायच्या.

हिंट लागली की नाही हे तपासायला जाऊ नका. कपाट उघडून बघणं, “काही आणलंस का?” विचारणं, यामुळे घेणारा घाबरतो आणि शेवटच्या क्षणी आणखी काहीतरी घेऊन येतो.

हातात आल्यावर

ओवाळून झाल्यावर भेट त्याच्यासमोर उघडा. नेमकी तीच असेल तर कुठल्या बोलण्यावरून कळलं ते विचारा. त्याला सांगायचं असतंच, आणि तुम्हालाही पुढच्या वेळी तो कशाने ऐकतो ते कळतं. वेगळीच असेल तर आधी त्याने ती का निवडली ते ऐका. अनेकदा तुम्ही विसरलेलं एखादं बोलणं त्यामागे निघतं.

माप किंवा रंग खरंच चुकला असेल तर त्या संध्याकाळी गप्प बसा, पण आठवडाभर लपवूही नका. भाऊबीज पार पडली की सांगा, आणि बदलायला दोघं मिळून जा. बिल, खोका आणि दुकानाचा टॅग तोपर्यंत जपून ठेवा. साडीचा फॉल लावून घेऊ नका, बुटांनी बाहेर चालू नका, अंगठी सैल करून घेण्याआधी त्याच दुकानात विचारा. मंगळदास मार्केटसारख्या ठिकाणी गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांची बरीच दुकानं दिवाळीनंतर काही दिवस बंद असतात आणि लाभपाचमीला मुहूर्त करून उघडतात. बदलण्याची मुदत बिलावर छापलेली असते, ती वाचून, दुकानात फोन करून मगच निघा.